साईटचा सातबारा

परवा दुपारी भांडी आवरून जरा आडवी झाले तेवढ्यात परभणीच्या मावसबहिणीचा फोन. तिच्या सुनेनं घरच्या घरी शेवया, कुरडया, पापड, काळा मसाला असा उद्योग सुरू केलाय. आता तो पुण्या-मुंबईच्या लोकांपर्यंत पोचावा म्हणून वेबसाईट काढायची आहे. समोर दोन पर्याय. एक ओळखीतला पोरगा, घरूनच अशी कामं करतो, तो पंधरा हजारात करून देतो म्हणतो. दुसरी संभाजीनगरची एक कंपनी. तिनं चांगलं रंगीत कोटेशन पाठवलंय, सत्तर हजार अधिक जीएसटी.

"तुमच्याकडं दोन्ही झालंय म्हणे. तूच सांग बाई, पोराला द्यावं का कंपनीला?"

मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. पण संध्याकाळी फोन हातात घेतला आणि लक्षात आलं, हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. म्हणून इथं लिहितेय. तू पूर्ण वाच. आणि लातूरला माझा भाऊ वाचत असेल (असतोच!) तर त्यानंही शेवटपर्यंत वाचावं. २०१९ पासून त्याला न सांगितलेली एक गोष्ट यात आहे.

आधी लातूरचं सांगते.

माझ्या धाकट्या भावाचं आणि भावजयीचं लातूरला मुलींचं वसतिगृह आहे. खाली मेस, वर बारा खोल्या, छत्तीस मुली. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात: राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी एके काळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरचं नाव असं गाजवलं की 'लातूर पॅटर्न' हा शब्दच रूढ झाला. तेव्हापासून अकरावी-बारावीला बाहेरगावची पोरं इथं येतात. आता बहुतेक मेडिकलच्या 'नीट'साठी येतात. उदगीर, बीड, हिंगोली, पार बिदरकडूनसुद्धा. दहावीचा निकाल लागला की दोन-तीन आठवड्यांत खोल्या भरायच्या. ज्या तेव्हा भरल्या नाहीत त्या वर्षभर रिकाम्या. पेरणीसारखंच आहे हे, वाफसा गेला की गेला.

भावानं कर्ज काढून वरचा मजला चढवला होता. त्यामुळे बाहेरगावच्या पालकांना घरबसल्या माहिती मिळावी म्हणून २०१६ च्या मार्चमध्ये साईट करायचं ठरलं. करणारा कोण? तर दोन वर्षं आमच्याच मेसचा डबा खाऊन शिकलेला एक पोरगा. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, नोकरी शोधत होता, तोवर अशी कामं घ्यायचा. आठ हजार रुपये ठरले.

त्यानं काय केलं माहितीय? लॅपटॉप उघडायच्या आधी तो भावजयीजवळ स्वयंपाकघरात येऊन बसला. ती धपाटे थापत होती. हा विचारतो, "वहिनी, मुलींच्या आया आल्या की सगळ्यात आधी काय विचारतात?" तिनं क्षणभरही विचार केला नाही. "पाणी येतं का, हे विचारतात."

ते साल आठवा. लातूरच्या नळाला पाणी नव्हतं. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. अशा गावात पोरगी ठेवायची तर आई दुसरं काय विचारणार? त्या पोरानं साईटच्या पहिल्याच पानावर 'पाण्याची सोय' असं मोठ्या अक्षरात टाकलं. टाकी किती लिटरची, टँकर कोणत्या वारी येतो, बोअरला पाणी कधीपर्यंत टिकतं, सगळं खरं खरं. दर आठवड्याला भाऊ फोनवर सांगायचा आणि तो बदलून द्यायचा. वेगळे पैसे नाही, काही नाही. त्या वर्षी जूनमध्ये एकही कॉट रिकामी राहिली नाही. दिसायला ती साईट काही फार भारी नव्हती. हिरव्या पट्टीवर पिवळी अक्षरं... पण आमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं जसंच्या तसं तिच्यात उतरलं होतं.

२०१८ मध्ये त्या पोराला हैदराबादला नोकरी लागली. आम्ही पेढे खाल्ले. पुढं फोन कमी झाले. साईट चालू होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

आणि मग २०१९ चा जून. सकाळी सकाळी भावाचा फोन. "आक्का, साईट उघडंना झालीय." मी म्हटलं नेट नसेल. तासाभरानं परत फोन, आवाज अगदी बारीक. "आक्का, उघडली. पत्ते दिसायलेत. रमी."

झालं होतं असं. साईटचं नाव, म्हणजे ते डॉट कॉमवालं, कायमचं विकत मिळत नाही. भाड्यानं मिळतं. एका वर्षासाठी घ्या, दोन वर्षांसाठी घ्या, फार तर दहा, आणि मुदत संपली की पुन्हा भरा. नाही भरलं तर साधारण दीड महिना नेहमीच्या पैशात परत मिळू शकतं. त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून. मग पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव मोकळं, जो आधी मागेल त्याचं. आमची मुदत मार्चच्या मध्यात संपली होती. एप्रिल-मेमध्ये साईट बंदच होती, पण त्या दिवसांत ती बघतो कोण! मोजून बघा, जूनच्या पहिल्या आठवड्यात नाव बाजारात आलं आणि कुणीतरी उचललं. जुन्या चालत्या नावांवर टपून बसलेले लोक असतात म्हणे.

भावानं तीन हजार पत्रकं छापून वाटली होती, सगळ्यांवर तोच पत्ता. उदगीरच्या एका वडिलांनी फोन केला. रागावले नाहीत, नुसतं विचारलं, "मुलींचं वसतिगृह आहे ना तुमचं? मग साईटवर हे काय आहे?" भाऊ समजावत राहिला. त्यांनी ठीक आहे म्हणून फोन ठेवला आणि पोरीला दुसरीकडं ठेवलं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. त्या वर्षी अकरा कॉट रिकाम्या राहिल्या. कर्जाचा हप्ता काही कमी झाला नाही. भावजयीनं पाटल्या गहाण ठेवल्या, हे मला दिवाळीत कळलं.

आम्ही त्या पोराला फोन लावला. आधी भाऊ बोलला, मग मी फोन घेतला. काय काय बोलले ते इथं लिहायला लाज वाटते. आमच्या ताटात जेवलास आणि... असलं. तो काही फार बोलला नाही.

घरात तेव्हा एकच निष्कर्ष निघाला. एकट्यादुकट्या पोराच्या भरवशावर धंदा ठेवू नये. आमचे अहो तर खुशीतच होते, कारण नांदेडला आमच्या धंद्याची साईट कंपनीनं केलेली होती.

आता नांदेडचं.

आमचा गाड्या भाड्यानं देण्याचा व्यवसाय आहे. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीला तीनशे वर्षं झाली, तेव्हा नांदेडचं रूप पालटलं, यात्रेकरू वाढले आणि ह्यांनी एकाच्या तीन गाड्या केल्या. सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरहून मंडळी उतरतात, गुरुद्वाऱ्यात मत्था टेकतात, मग कुणाला बिदरला नानक झीरा साहिबला जायचं असतं, कुणाला माहूर, कुणाला औंढा नागनाथ. ही माणसं निघण्याआधीच नेटवर शोधतात. म्हणून २०१७ च्या दिवाळीत ह्यांनी एका मोठ्या शहरातल्या कंपनीला काम दिलं. पासष्ट हजार, वर अठरा टक्के जीएसटी. नऊ पानांचा इंग्रजी करार. एक माणूस गोड बोलून ऑर्डर घेऊन गेला, दुसरा रोज फोन करायचा, आणि प्रत्यक्ष साईट करणारा तिसरा, तो आम्हाला कधी दिसलाच नाही.

साईट आली. गुळगुळीत, झकास. वर लाल गाडीत बसलेलं गोरं जोडपं. आणि नांदेडचा गुरुद्वारा म्हणून फोटो कुठला? अमृतसरच्या सुवर्णमंदिराचा! म्हणजे अमृतसरहून येणाऱ्या माणसाला आम्ही अमृतसरच दाखवत होतो :-) हा फोटो बदलायला एकवीस दिवस आणि सात मेल लागले.

पण कंपनीचं जे चांगलं तेही सांगते, नाहीतर अन्याय होईल. आमच्याशी रोज बोलणारा माणूस मध्येच नोकरी सोडून गेला तर दुसऱ्या दिवसापासून दुसरा बोलायला लागला, काम अडलं नाही. नावाची मुदत त्यांनी कधी चुकवली नाही. २०२० च्या जानेवारीत एका रात्री साईटमध्ये कुणीतरी घुसलं आणि भलतीच औषधं विकायला लागलं. सकाळी दहाच्या आत त्यांनी आदल्या दिवशीची प्रत चढवून सगळं पूर्ववत केलं. लातूरच्या पोराकडून हे झालं नसतं. तो त्या वेळी ऑफिसात असता किंवा झोपलेला असता. एकटा माणूस आजारी पडतो, त्याचं लग्न होतं, त्याला नोकरी लागते. कंपनीला यातलं काही होत नाही, निदान एकदम होत नाही.

मग मार्च २०२० आला. गाड्या थांबल्या, रेल्वे थांबली, यात्रेकरू नांदेडात अडकून पडले. आमच्या तिन्ही गाड्या अंगणात धूळ खात उभ्या. एप्रिलमध्ये कंपनीचं वार्षिक देखभालीचं बिल आलं, अठरा हजार. हे म्हणाले, चार महिने थांबा, देतो. उत्तर आलं, नियमात बसत नाही. साईट बंद पडली. ती बंद असताना फारसं बिघडलं नाही, धंदाच नव्हता. पण पुढं सुरू करायची वेळ आली तेव्हा ह्यांनी ठरवलं की नांदेडमधल्याच कुणाकडून तरी करून घ्यायची, नाव तेवढं आपलं घेऊन यायचं.

तेव्हा कळलं की नाव आपलं नाहीच. कंपनीनं ते कंपनीच्या नावावर घेतलेलं होतं. कराराच्या सातव्या पानावर हेही होतं की साईट ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते कंपनीचं, देखभालीचे पैसे भराल तोवर तुम्ही फक्त वापरणार. नाव हवं तर हस्तांतराचे पंचवीस हजार. बेकायदा यात काही नव्हतं. खाली सही ह्यांचीच होती.

त्याच सुमारास, २०२१ मध्ये, मी माहेरी गेले होते. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं दुपारी लातूरला पोचले. जेवताना मी तावातावानं कंपनीचं पुराण सांगत होते आणि भाऊ जुनं पोराचं पुराण उगाळत होता. एक म्हणे एकटा माणूस वाईट, दुसरी म्हणे कंपनी वाईट. आबा ऐकत होते. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी एवढंच विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

आम्ही दोघं गप्प.

लातूरचं नाव त्या पोराच्या मेलवर होतं, नांदेडचं कंपनीच्या. एकाकडं आठ हजार दिले होते, दुसऱ्याकडं पासष्ट. जमीन दोन्हीकडं दुसऱ्याची आणि त्यावर घर बांधून आम्ही निवांत झोपलेलो.

आबा हे बोलले त्यालाही कारण आहे. आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना भूकंप झाला. मायचं माहेर किल्लारीच्या बाजूला, ते गाव गेलं. अशी ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथली घरं सरकारनं आणि संस्थांनी ठेकेदारांकडून बांधून दिली, जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. सरळ रस्ते, सारख्या ओळी. घरं पक्की होती, पण माझी आजी मरेपर्यंत म्हणायची, यात जनावर कुठं बांधू आणि चूल कुठं मांडू, हे मला कुणी विचारलंच नाही. आमच्या गावात पडझड कमी झाली होती. तिथं वेगळी रीत होती. घर ज्याचं त्यानंच दुरुस्त करायचं, गवंडी त्यानंच शोधायचा, सरकारचा पैसा हप्त्या-हप्त्यानं. अशी जवळजवळ दोन लाख घरं त्या वेळी दुरुस्त झाली. माळवदावरची जड माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, वर सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवा. आबा रोज शाळा सुटल्यावर भिंतीपाशी खुर्ची टाकून बसायचे. गवंडी चांगला होता, ओळखीचा होता, तरी बसायचे. ते घर अजून उभं आहे.

म्हणजे तेव्हाही प्रश्न हाच होता की! गवंडी का ठेकेदार? गवंडी ऐकून घेतो, ठेकेदार सगळं पार पाडतो. दोघांच्या हातची चांगली घरंही पाहिली आणि वाईटही. पण आबांचं म्हणणं असायचं की कागद आपल्या नावावर आणि खुर्ची भिंतीजवळ. एवढं असलं की मग गवंड्याला दोष द्यायची वेळ फारशी येत नाही.

आता ती गोष्ट.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी लोह्याला एका लग्नात होते. मांडवात असताना त्या पोराचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता. भाऊ फोन बघत नाही म्हणून तो असल्या गोष्टी मलाच सांगायचा. त्यानं लिहिलं होतं, आक्का, साईटच्या नावाची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. मागच्या दोन वेळा मी भरलं होतं, आता माझं जुनं कार्ड बंद झालंय. नऊशे रुपये आहेत. लिंक पाठवू का तुम्हाला?

मी अंगठा दाखवला. तो वर केलेला अंगठा असतो ना, तो. तेवढ्यात अक्षता आल्या. नंतर त्याची लिंकही आली असणार, ती सुप्रभातच्या फुलांखाली गेली. मी विसरले.

जूनमध्ये मी त्याला वाटेल ते बोलत होते तेव्हा तो हळूच म्हणाला होता, "आक्का, मी मेसेज केला होता." भाऊ शेजारीच उभा होता. त्याला ऐकू गेलं नाही. आणि मी काय म्हणाले? "मग फोन करायचा ना!" फोन ठेवल्यावर मी मेसेज शोधला. तो होता. खाली माझा अंगठाही होता. मी भावाला दाखवला नाही.

भाऊ, हे तुला आज असं कळतंय. तुझ्या अकरा कॉट आणि वहिनीच्या पाटल्या माझ्या नऊशे रुपयांच्या विसरण्यात गेल्या. तुला त्याच वेळी सांगायला हवं होतं.

आणि त्या पोराचं काय? आठ हजार एकदा देऊन आम्ही जन्मभराचा माणूस मिळाला असं धरून चाललो होतो. २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं त्यानं आपल्या खिशातून नाव चालू ठेवलं आणि आम्ही विचारलंसुद्धा नाही की हे पैसे कोण भरतंय. पाण्याचं पान तो दर आठवड्याला बदलायचा, त्याचा हिशेब आम्ही धपाट्यात धरला होता. कंपनीनं अठरा हजारांचं बिल पाठवलं तेव्हा आम्ही चिडलो, पण निदान तिनं ते लिहून पाठवलं. पोराचं बिल कधी आलं नाही म्हणून आम्हाला ते दिसलंच नाही.

मी २०२१ मध्ये लातूरहून परत आल्यावर त्याला फोन केला आणि माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "जाऊ द्या आक्का, मीसुद्धा दुसऱ्यांदा मेसेज करायला पाहिजे होता." आज लातूरची साईट परत तोच बघतो, हैदराबादहून. मात्र नवं नाव भावजयीच्या नावावर आहे, तिच्या मेलवर, पाच वर्षांचे पैसे एकदम भरून. त्याला वर्षाला सहा हजार जातात, गुढीपाडव्याला, न मागता. भावाला वाटत आलंय की मी त्या पोराची फार बाजू घेते. आता त्याला कारण कळेल. नांदेडला ह्यांनी ते पंचवीस हजार भरून नाव सोडवून आणलं आणि आता गावातलीच दोन मुलं मिळून काम बघतात.

तर मावसबहिणीबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

शेवया-पापडाची नुसती माहिती, फोटो आणि फोन नंबर एवढंच द्यायचं असेल तर पोराला दे. तो सुनेजवळ बसून ऐकेल आणि कुरडईला कुरडईच म्हणेल. (खरं तर पहिलं वर्ष व्हॉट्सॲप बिझनेसवर काढलं तरी चालेल, त्याला पैसे पडत नाहीत.) साईटवरच पैसे घ्यायचे असतील, रोज पन्नास ऑर्डरी येणार असतील, रात्री बंद पडलं तर सकाळी कुणीतरी धावून आलंच पाहिजे अशी स्थिती असेल, तर तीन-चार माणसं असलेलं कुणीतरी बघ. मोठीच कंपनी हवी असं नाही. वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या एकट्या माणसाला जीएसटी लावावा लागत नाही, त्यामुळे दोघांचे आकडे तुलना करताना तेही ध्यानात घे.

पण कुणालाही दे, या गोष्टी आधी कर.

नाव सुनेच्या नावावर आणि तिच्या मेलवर घ्यायला लाव. पैसेही तिनंच भरायचे. तो पोरगा किंवा कंपनी फक्त मदत करेल. मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिही, जिथं दुधाचा आणि गॅसचा हिशेब लिहितेस तिथंच, आणि घरातल्या दोघांना माहीत असू दे.

साईट कशावर बांधणार ते विचार. वर्डप्रेससारख्या सगळ्यांना येणाऱ्या गोष्टीवर असेल तर उद्या दुसरा माणूस हातात घेऊ शकतो. त्यांच्या खासगी सॉफ्टवेअरवर असेल तर सोडताना सगळं नव्यानं बांधावं लागतं. दर महिन्याला पूर्ण साईटची एक प्रत आपल्याकडं मागून ठेव. भावजयीची प्रत पेनड्राइव्हवर असते, लोखंडी कपाटात, घराच्या कागदांजवळ.

एक पानाचा का होईना, कागद कर. आपल्याला वाटतं पैसे दिले म्हणजे वस्तू आपली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाही. पगारी नोकरानं नोकरीत केलेलं काम मालकाचं असतं. पण बाहेरच्याकडून, मग तो एकटा असो की कंपनी, पैसे देऊन प्रोग्रॅम लिहून घेतला तर लेखी हस्तांतर केल्याशिवाय तो लिहिणाऱ्याचाच राहतो. गंमत म्हणजे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोला उलट नियम आहे, तो साधारणपणे काढवून घेणाऱ्याचा. तेव्हा पापडांचे फोटो तुझे, पण साईट तुझी व्हायला सही लागते. हस्तांतर किती वर्षांचं तेही लिहून घे, नसेल लिहिलं तर कायदा पाचच वर्षं धरतो.

पैसे हप्त्यानं दे, भिंत उभी राहील तसे. आणि दर वर्षी देखभालीचे किती द्यायचे हे आजच ठरव. पोरगा नको म्हणाला तरी ठरव. नको म्हणणाऱ्याचंच बिल पुढं फार मोठं येतं, हे मी स्वतः भरलंय.

असो. फार लांबलं. लिहून झाल्यावर दोनदा वाटलं की मधला तो लग्नाच्या मांडवातला भाग काढून टाकावा. मग वाटलं, तो काढला तर बाकीचं सांगण्यात अर्थ काय? आता भावाच्या फोनची वाट बघतेय. यायचा तेव्हा येईल.